तारीख नसलेली ओळ

कोल्हापुरात ‘दुपारी येतो की’ म्हणजे नेमकं किती वाजता, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. जेवणं व्हायची असली तरी दुपार आणि दिवे लागायला आले तरी दुपारच. मी गुळाच्या अडत्यांना हिशेबाचे प्रोग्रॅम करून द्यायचो, त्यामुळे मार्केट यार्डात रोजची ये-जा. कोणाला वेळ विचारली की समोरचा माझ्याकडे दयेनं बघायचा. “या की हो पावणं, हाय की मी हितंच.” मी सांगितल्या दिवशी जायचो, तर तो उचगावला कुणाच्या तरी लग्नाला गेलेला असायचा. पुन्हा भेटला की वर मलाच ऐकवायचा, “मग बसायचं न्हाय व्हय घटकाभर? च्या प्यायचा, गप्पा मारायच्या.” माझं डोकं सणकायचं. मला चहा नको होता, वेळ हवी होती.

मी मूळचा इथला नाही. नोकरीपायी आलो, नोकरी सुटली, गाव मात्र सुटलं नाही. वेळ पाळणं हा माझा स्वभाव म्हणा किंवा खोड म्हणा. नव्वदच्या दशकाच्या मध्याला माझ्याकडे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवणारा संगणक होता. त्यात मी एक साधी मजकुराची फाईल उघडली. तिच्यात रंग नाही, चित्र नाही, नुसत्या ओळी. तारीख लिहायची आणि पुढे काम लिहायचं. देवनागरी त्यात उमटायची नाही, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो आणि स्वतःचंच लिहिलेलं अडखळत वाचायचो. लोक म्हणायचे, डायरी वापरा की. पण डायरी डिसेंबरात संपते आणि राहिलेली कामं तशीच मागे टाकून जाते. माझी फाईल संपत नव्हती. संगणक बदलले, वीज रोज जाऊ लागली, फ्लॉपीवरून सीडी आली, तरी ती फाईल कुठल्याही यंत्रावर मुकाट उघडायची. घरात माझं ऐकणारं तेवढं एकच होतं.

आमचं लग्न मोडलं तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. कारणं सांगत बसत नाही. आम्हा दोघांना एकमेकांचा राग यायचा आणि त्याला कारण लागायचंच असं नाही. बायको मुलीला घेऊन सांगलीला माहेरी गेली. कागदावर ठरलं ते असं: दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, मुलगी बापाकडे. हे मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत. पुढचं कागदात काही नव्हतं.

मामा तिला एसटीनं घेऊन यायचा, दारात सोडायचा आणि पाचला दारातूनच घेऊन जायचा. आत कधी आला नाही. मी आत बोलावलंही नाही. मुलगी चपला काढून पलंगाच्या कडेला बसायची आणि मी तिला विचारायचो, शाळा कशी चाललीय. ती म्हणायची, बरी. मग आम्ही दोघं पंख्याकडे बघत बसायचो. पाच वाजले की मला सुटल्यासारखं वाटायचं आणि ती गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली की जीव नकोसा व्हायचा.

काही महिन्यांत पाच शनिवार येतात. त्या पाचव्या शनिवारावर माझा काडीचाही हक्क नव्हता. नवं कॅलेंडर भिंतीवर लावलं की मी आधी ते शनिवार शोधायचो. त्या महिन्यांत दोन भेटींच्या मधली पोकळी लांबायची. अशा शनिवारी संध्याकाळी मी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जायचो. तिथं म्हशी बांधलेल्या असतात, गिऱ्हाईक आलं की समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. तालमीतली पोरं, म्हातारे, रिक्षावाले घोळक्यानं उभे राहून मोठ्यानं बोलत असतात. मी त्यांच्यात ग्लास घेऊन उभा राहायचो. बघणाऱ्याला वाटावं, हा कुणाची तरी वाट बघतोय. दूध संपलं की तसाच घरी.

घर म्हणजे शाहूपुरीतली वरची खोली. खाली घरमालकीण राहायची. घर लिंगायतांचं, तिचं माहेर निपाणीच्या बाजूचं, रागावली की कानडीत रागवायची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही. ती मात्र मला वर्षानुवर्षं पावणंच म्हणत राहिली. इतकी वर्षं एका छपराखाली राहून हे काय, म्हणून मी एकदा चिडून विचारलं. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “मग काय म्हनू? रोज दारात हुबं ऱ्हाऊन ‘येऊ का’ इचारताय. सांगून-इचारून येतंय ते पावणं. घरचं माणूस येतंय आन् पयला तांब्या उचलतंय.” मी म्हणालो, न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरणं मला जमत नाही. “तेच म्हनतो की मी,” ती म्हणाली आणि भाकरी फुगली ती बघत बसली.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला कामं आखायचा एक नवा प्रोग्रॅम सापडला. तोही माझ्यासारखाच, साध्या मजकुराच्या फाईलवर चालणारा. मी हरखून गेलो. माझी जुनी फाईल त्यात तशीच्या तशी चालली आणि आता देवनागरीही उमटू लागली. त्याची रीत साधी होती. ओळीला नुसती तारीख दिली की ती भेट. भेट त्या दिवशीच्या यादीत दिसते आणि दुसऱ्या दिवशी जाते, झाली का नाही झाली कोणी विचारत नाही. पण तीच ओळ काम म्हणून लावली, तर ती त्या दिवसापासून रोज समोर येते. आपण ‘झालं’ म्हणेपर्यंत हटत नाही, उलट किती दिवस रखडलंय तो आकडाही पुढे दाखवते. काम दर पंधरवड्याचं असेल तर ‘झालं’ म्हटल्याबरोबर तारीख आपोआप दोन आठवडे पुढे सरकते आणि ओळ पुन्हा ‘करायचंय’ होते. गुळाच्या अडत्यांनाही हे कळलं असतं तर माझं आयुष्य सोपं झालं असतं.

मुलीची ओळ मी अर्थातच भेट म्हणून लावली होती. ‘पोरगी’ एवढंच लिहिलेलं, पुढे तारीख. त्या वर्षी ती आठवीत गेली आणि भेटी चुकायला लागल्या. कधी परीक्षा, कधी ताप, कधी पावसानं रस्ता बंद. मामाचा फोन यायचा, “आज जमत नाही.” मी बरं म्हणायचो. रविवारी सकाळी संगणक लावला की यादीत तिचा पत्ता नसायचा. प्रिंटरची रिबन आणायची राहिली तर रोज ओरडा आणि पोरगी आली नाही तर गप्प! मला त्या प्रोग्रॅमचा असा राग आला की काय सांगू. माणसावर रागवायची सोय नसली की माणूस यंत्रावर रागावतो. एका रविवारी मी तिची ओळ भेटीतून काढली आणि काम म्हणून लावली.

आता ती रोज दिसू लागली. करायचंय, पोरगी, आणि पुढे वाढत जाणारा आकडा. मला बरं वाटलं. निदान कोणीतरी दखल घेत होतं. प्रोग्रॅमला दुसरा आणि चौथा शनिवार कळायचा नाही, त्याला दर दोन आठवडे एवढंच ठाऊक. पाच शनिवारांच्या महिन्यानंतर तो तिला भलत्याच शनिवारी आणून बसवायचा आणि मी हातानं तारीख पुढे ढकलायचो. 

बऱ्याच खाड्यानंतर ती आली तेव्हा आकडा चांगलाच फुगला होता. मी ठरवलं, सगळी थकबाकी आजच वसूल करायची. दहाला आली, तिला बसूही दिलं नाही. मिसळ, मग रंकाळा, मग चप्पल लाईनीत जाऊन तिच्या मापाचं पायताण, मग बीजगणिताची दोन प्रकरणं, मग पुन्हा बाहेर, कारण तिला भेळ आवडते असं माझ्या फाईलीत लिहिलेलं होतं. ती मुकाट्यानं माझ्या मागून चालत होती. भेळेच्या गाड्यावर तिनं द्रोण हातात घेतला आणि खाल्ली नाही.

“बाबा, अजून किती कामं राहिलीत?” तिनं विचारलं.

घरी आल्यावर तिनं पडदा बघितला. मी तो बंद करायला विसरलो होतो. रिबन, मोडेमवाला, पोरगी, अशी ओळीनं कामं. ती वाकून वाचत राहिली. मी म्हणालो, “अगं, भेट म्हणून ठेवलं की पुसलं जातं. काम म्हणून ठेवलं की राहतं.” बोलल्यावर मला माझीच कीव आली. तिनं आपल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “हे ‘झालं’ कसं करतात?” मी दाखवलं, टी दाबायचं. तिनं दाबलं. क्षणभर ‘झालं’ दिसलं आणि लगेच ओळ पुढच्या तारखेवर जाऊन ‘करायचंय’ होऊन बसली.

“संपलंच नाही की हे,” ती म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पुढच्या खेपेला ती आली, चपला काढल्या आणि सरळ संगणकापाशी जाऊन तिनं टी दाबलं. “हं. काम झालं तुमचं. आता बसू या.” आणि आम्ही खरंच बसलो. कुठे गेलो नाही. तिनं शाळेतल्या बाईंची नक्कल केली, मी पोहे केले, ते चिकट झाले. तेव्हापासून तो आमचा रिवाजच झाला. येताना सांगलीचं भडंग आणायचं, भडंगाचा हात फ्रॉकला, मोठी झाल्यावर पंजाबी ड्रेसला पुसायचा आणि टी दाबायचं. मग पाचपर्यंत काही करायचं नाही. त्या चार-पाच वर्षांत मी जेवढा बोललो तेवढा जन्मात बोललो नसेन. अक्काच्या दारात मात्र ती कधी थांबली नाही, ‘येऊ का’ विचारलं नाही. सरळ आत जाऊन माठातलं पाणी प्यायची. अक्का मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, “पोरीला कळतंय.”

ती अठरा वर्षांची झाली. शेवटच्या शनिवारी मामा आला नव्हता, ती एकटीच आली. पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, दुसऱ्याच दिवशी वसतिगृहात जायचं होतं. पाच वाजून गेले तरी ती बसून राहिली आणि तेच मला सहन होईना. मीच म्हणालो, “एसटी चुकेल.” ती उठली. “येते,” म्हणाली. कधी, ते म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ओळीवर पुढची तारीख आपोआप पडलेली होती. ती ठेवायचा मला काय अधिकार? कागदाची मुदत संपली होती. भेट म्हणून लावावी, तर ठरलेली नाही. काम म्हणून लावावी, तर ती आता मोठी बाई, तिच्या डोक्यावर माझा आकडा का चढवायचा? मी तारीख काढून टाकली. ओळ तेवढी ठेवली. ज्या ओळीला तारीख नाही ती या प्रोग्रॅममध्ये रोजच्या यादीत कधीच येत नाही. फाईलीच्या पोटात पडून राहते, मुद्दाम जाऊन बघितली तरच दिसते. मी मुद्दाम जाऊन बघायचो.

आता सगळेच शनिवार पाचवे झाले. फोन व्हायचे, नाही असं नाही. जेवलीस का, जेवले, तुम्ही बरे आहात ना, बरा आहे. मी खानावळीत पोळ्या मोजून जेवायचो, घरी येऊन टीव्ही लावायचो आणि आवाज बंद ठेवायचो, कारण त्यातली माणसं माझ्याशी बोलत नाहीत याचा राग यायचा. मला भीती एकाच गोष्टीची होती. कागद होता म्हणून ती येत होती का? कागदाशिवाय ती माझी कोण? हे कोणाला विचारावं असं माणूस नव्हतं आणि तिला विचारायची छाती नव्हती.

त्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या एका पतसंस्थेचा संगणक बंद पडला आणि मला तिकडे जावं लागलं. तिथला पाऊस छत्रीला जुमानत नाही आणि मोबाईलला तर रेंजच नव्हती. काम उरकून संध्याकाळी भिजत घरी आलो, तर अक्का दारातच.

“कुठं मेलता दिवसभर? फोन लावून लावून बोटं झिजली माझी.”

“का, काय झालं?”

“पोरगी आलती. सकाळीच. किल्ली मागून घेतली, वर जाऊन बसली. मी म्हनलं, सांगून यायचं की गं. तर म्हनतीया कशी, पावणी हाय का मी? मी गप. च्या दिला, भाकरी खाल्ली, तुमची वाट बघितली आन् दुपारच्या गाडीनं गेली. उद्या कॉलेज हाय म्हनली.”

मी जिना चढलो. ओट्यावर भडंगाचा पुडा होता, वर रबर लावलेला. तांब्या धुऊन पालथा घातलेला. संगणक चालू होता. तिनं यादीत शोधलं असणार आणि तिथं ती नव्हतीच. मग फाईल उघडून खाली खाली जात तिनं आपली ओळ काढली होती. तारीख नसलेली. आणि रिवाजाप्रमाणे टी दाबलं होतं.

झालं. पोरगी.

आणि खाली प्रोग्रॅमनं आपणहून टाकलेली नोंद: अमुक दिवशी, अमुक वाजता बंद. तारीखच नव्हती, तर पुढे सरकणार काय? ओळ कायमची मिटली होती. मी ओल्या कपड्यांनी खुर्चीत बसलो आणि मला रडू फुटलं. ती न सांगता आली होती, घरच्यासारखी, आणि नेमका मीच घरात नव्हतो. आणि तिनं काय पाहिलं? बापानं तारीख पुसून टाकलेली. तिनं हसत टी दाबलं की ‘ठीक आहे, झालं तर झालं’ म्हणून दाबलं, हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

फोन हातात घेतला. रेंज होती. पण मला माहीत होतं मी काय बोलणार ते. मी विचारणार, पुन्हा कधी येतेस, ती शनिवार सांगणार आणि मी तो लिहून घेणार. फोन खाली ठेवला. सकाळी उठलो, अक्काच्या घरात शिरलो, तिच्या तांब्यातलं पाणी प्यालो आणि म्हणालो, “पुण्याला जाऊन येतो.” ती माझ्याकडे बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी आरक्षणाशिवाय एसटीत चढलो आणि साताऱ्यापर्यंत उभ्यानं गेलो.

मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकात वॉचमन होता. “भेटायची वेळ रविवारी. आधी कळवलंय का?” मी म्हणालो, नाही. “मग कोण तुम्ही?” मला एरवी अशा वेळी खालच्या आवाजात माफी मागायची सवय. पण इतक्या वर्षांचं कोल्हापूर त्या दिवशी घशात आलं. “बाप हाय मी तिचा. कळवायचं काय त्यात?” तो दचकला आणि त्यानं बाकाकडे हात केला.

ती वर्गातून आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. “बाबा? काय झालं? बरं आहे ना सगळं? सांगून यायचं ना!”

वाटेत शंभरदा घोकलेलं मी म्हणून टाकलं. “पावणा हाय का मी?”

ती थांबली. मग इतक्या मोठ्यानं हसली की वॉचमननं वळून बघितलं. हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. आम्ही बाकावर बसलो. जरा वेळानं मी विचारलं, “ते ‘झालं’ का केलंस?”

“आले होते म्हणून. दुसरं कसं कळवणार होते?”

“कागदावर लिहून ठेवायचंस.”

“कागद तुम्ही कुठं बघता?” ती म्हणाली. मग हळू आवाजात, जमिनीकडे बघत तिनं विचारलं, “तारीख का काढलीत?”

“तुझ्यावर जबरदस्ती नको म्हणून.”

“मला वाटलं, कंटाळलात.”

मी नाही म्हणून मान हलवली.  तिनं माझा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, आणि सोडला नाही. मुली येत-जात होत्या, आमच्याकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “परतीची गाडी किती वाजताची आहे?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.